पाठ १४ : ध्यान – अंतरंगाचे द्वार

प्रस्तावना

'ध्यान' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. 'एवढे ध्यानात ठेवा', 'ध्यानीमनी नसताना पाहुणे आले', असे आपण म्हणतो. एखाद्याचा गबाळा अवतार पाहून 'काय हे ध्यान!' असेही थट्टेने म्हटले जाते. पूजेच्या वेळी देवतेच्या रूपाचे जे वर्णन म्हणतात, त्यालाही 'ध्यान' असेच नाव आहे. लक्ष, स्मरण आणि रूप असे तीन अर्थ या एका शब्दात सामावले आहेत.

अलीकडे ध्यानाचा गाजावाजा पुष्कळ होतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ साली २१ डिसेंबर हा 'जागतिक ध्यान दिन' म्हणून घोषित केला. ध्यानाने ताण कमी होतो, झोप चांगली लागते, असे आपण ऐकतो. हे लाभ अनेकांना मिळतातही. परंतु आपल्या संतांनी आणि साधकांनी एवढ्यासाठीच ध्यान केले काय? ध्यानाचे मूळ प्रयोजन कोणते? आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला ते साधेल काय? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• धारणा आणि ध्यान यांतील फरक सांगू शकाल;
• ध्यानाचे आध्यात्मिक प्रयोजन स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल;
• काम आणि ध्यान यांचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• स्वतःला मानवेल अशी ध्यानाची रीत निवडू शकाल.

मूळ पाठ

१. नऊ दरवाजांचे नगर

उत्तर प्रदेशातील झाशी शहराच्या जुन्या तटाला अनेक दरवाजे आहेत. दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा ही नावे त्या त्या गावांची आठवण देतात. खंडेराव दरवाजा हे नाव मात्र वेगळे आहे. ते कानांवर पडताच मराठी माणसाला जेजुरीचा खंडोबा आठवतो. अठराव्या शतकात मराठी सत्ता बुंदेलखंडात पोहोचली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबेही तेथे गेली. त्यांनी आपली भाषा नेली, सणवार नेले, देवघरातील देव नेले. झाशीतील गणेश मंदिर आणि महालक्ष्मी मंदिर आजही त्या काळाची साक्ष देतात.

नगराचा दरवाजा सदासर्वकाळ उघडा ठेवला तर शत्रू आत शिरतो. तो कायमचा बंद ठेवला तर धान्य, पाणी, पाहुणा यांपैकी काहीच आत येत नाही. म्हणून दरवाजावर पहारा असावा लागतो. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात मानवी देहाला नऊ दरवाजांचे नगर म्हटले आहे. डोळे, कान, नाक, मुख ही त्यांतील प्रमुख द्वारे. या द्वारांतून क्षणोक्षणी काही ना काही आत येते आणि मन त्याच्यामागे धावत सुटते. त्या धावण्याला लगाम घालून इंद्रियांना आत वळविणे याला योगशास्त्रात 'प्रत्याहार' म्हणतात. प्रत्याहार म्हणजे इंद्रियांचा द्वेष नव्हे. तो जागरूक पहारा होय.

२. धारणा, ध्यान आणि समाधी

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. मन एका ठिकाणी बांधणे म्हणजे धारणा. तेथेच त्याचा प्रवाह अखंड वाहू लागणे म्हणजे ध्यान. पाणी थेंबाथेंबाने पडते, तेल मात्र न तुटणाऱ्या धारेने पडते. धारणा ही थेंबांसारखी आणि ध्यान हे तैलधारेसारखे, असा दृष्टान्त परंपरेने दिला जातो. ही धार इतकी एकरूप व्हावी की 'मी ध्यान करीत आहे' हे भानही उरू नये, ती समाधी.

या क्रमातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. ध्यान सातव्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीवर अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम आहेत. दिवसभर मापात पाप करावे आणि सायंकाळी डोळे मिटून शांती मागावी, हे या शास्त्राला मान्य नाही.

योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात नाना प्रकारच्या सिद्धींचे वर्णन आहे. परंतु त्याच पादात, या सिद्धी समाधीच्या मार्गातील अडथळे ठरतात, असा इशाराही दिला आहे. म्हणजे चमत्कार हे ध्यानाचे फळ नव्हे. मग फळ कोणते? मनाच्या लाटा शांत झाल्या की पाहणारा स्वतःच्या मूळ स्वरूपात स्थिर होतो, असे पतंजली सांगतात. इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'त ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायाच्या निमित्ताने हाच विषय मराठीत विस्ताराने उलगडला. संस्कृतच्या कड्याकुलपांत असलेली विद्या सामान्यांच्या भाषेत आली. बुद्धांच्या परंपरेत ध्यानाचा रोख तृष्णेच्या क्षयाकडे आणि करुणेकडे आहे. जैन परंपरेतील सामायिक हे ४८ मिनिटांचे व्रत समभावासाठी आहे. वाटा निराळ्या असल्या तरी 'मी' आणि 'माझे' यांची गाठ सैल करणे हे सर्वांचे समान सूत्र आहे.

३. राणीचा दिनक्रम

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येते. परंतु त्यांच्या दिनचर्येची जी जुनी वर्णने मराठीत आहेत, त्यांतून आणखी एक चित्र दिसते. पहाटे व्यायाम, मग स्नान, तुळशीची व मातीच्या शिवलिंगाची पूजा, त्यानंतर दरबाराचे कामकाज, असा त्यांचा क्रम सांगितला जातो. कागदाच्या चिठ्ठ्यांवर रामनाम लिहून, त्या कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना देण्याचा त्यांचा नेम होता, असेही वर्णन आढळते. १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत राहिलेले विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्यातही राणीच्या नित्यक्रमाचे दर्शन घडते.

हा काळ त्यांच्यासाठी सुखाचा नव्हता. १८५३ साली पती गंगाधरराव निवर्तले. १८५४ साली इंग्रजांनी संस्थान खालसा केले. १८५८ च्या मार्चमध्ये शहराला वेढा पडला. अशा काळात एकेक चिठ्ठी लिहिणे, ती कणकेत घालणे, ती पाण्यात सोडणे, या कृतीत मन आणि हात दोन्ही गुंततात. नाम कागदावर उतरते, आणि शेवटी एका मुक्या जिवाचे पोटही भरते. स्मरण आणि दान यांची अशी सांगड येथे पडली आहे. या साधनेसाठी राणीने राज्यकारभार सोडला नाही, की कारभारासाठी साधना सोडली नाही.

पाठगत प्रश्न
१. प्रत्याहार म्हणजे काय?
२. सिद्धींविषयी योगसूत्रांत कोणता इशारा दिला आहे?

४. हात कामात, चित्त नामात

'राजघराण्यातील माणसांना सवड असते. आम्हांला कोठून असणार?' असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर वारकरी संतांच्या जीवनात सापडते. जनाबाई दळणकांडण करीत. सावता माळी अरणच्या मळ्यात राबत. गोरोबा तेर येथे मडकी घडवीत. त्यांनी ध्यानासाठी वेगळे घर बांधले नाही. कामाचे ठिकाण हेच त्यांचे ध्यानाचे आसन झाले.

नामदेव महाराष्ट्राबाहेर पडून पंजाबापर्यंत गेले. शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी एका पदात त्यांनी साध्या माणसांचे दाखले दिले आहेत. मुलगा सोबत्यांशी बोलत असतो, पण त्याचे लक्ष पतंगाच्या दोरीवर असते. पाणी आणणाऱ्या मुली हसतखिदळत चालतात, पण चित्त डोक्यावरील घागरीत असते. आई घरभर कामे करते, पण तिचे मन पाळण्यातल्या बाळापाशी असते. ध्यानाची ही व्याख्या कोणत्याही शास्त्रीय व्याख्येइतकीच नेमकी आहे.

आता याच्याशेजारी गोरोबांची कथा ठेवून पाहा. नामात देहभान हरपून चिखल तुडविताना त्यांच्या पायांखाली स्वतःचेच मूल आले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते मूल परत मिळाल्याचेही कथा सांगते. ही कथा भक्तीची उत्कटता दाखविते. परंतु संसारी माणसाने तिच्यातून काय घ्यावे? नामदेवांच्या दाखल्यातील आईचे चित्त बाळाला विसरत नाही. उलट बाळावरचे तिचे लक्ष हेच ध्यानाचे उदाहरण ठरते. ज्या तल्लीनतेत जवळचा माणूस दिसेनासा होतो, तिच्यापेक्षा ज्या अवधानात तो अधिक स्पष्ट दिसतो, ते अवधान आपल्याला मार्गदर्शक मानता येईल.

५. आपापली वाट

प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवणारी रीत निराळी असते. काही सोप्या रीती पुढीलप्रमाणे आहेत :

• श्वासाचे अवलोकन – ताठ पण सैल बसावे. श्वास मुद्दाम लांबवू नये. तो येतो-जातो, एवढेच पाहावे. इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिकविल्या जाणाऱ्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभही श्वासाच्या अवलोकनानेच होतो.
• नामस्मरण – आपल्या श्रद्धेनुसार एखादे नाम किंवा प्रार्थना मनात घोळवावी. ज्याची देवावर श्रद्धा नाही, त्याने 'सत्य', 'करुणा' असा एखादा शब्द घ्यावा.
• कर्मध्यान – भाकरी थापणे, झाडणे, शिवणे, विटा रचणे यांपैकी एक काम रोज पूर्ण लक्ष देऊन, न बोलता करावे.
• सायंकाळचे आत्मपरीक्षण – दिवा मालविण्यापूर्वी दिवसभरातील आपले वागणे शांतपणे आठवावे.

आरंभी दहा मिनिटे पुरेशी आहेत. मन भटकेल, ते भटकणारच. भटकलेले मन रागावून ओढू नये. वासराला दावणीकडे वळवावे, तसे त्याला हळुवारपणे परत आणावे. हे परत आणणे हाच अभ्यास होय. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकाला 'अखंडध्यान' असेच नाव दिले आहे. आसनावरची दहा मिनिटे ही त्या अखंडतेची केवळ सुरुवात आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ध्यान हे औषधाला पर्याय नव्हे. तीव्र निराशा, भीती किंवा सततची निद्रानाशाची व्यथा असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. ध्यानाने अस्वस्थता वाढू लागली तर ते थांबवून जाणकाराशी बोलावे. ध्यानाच्या नावाखाली पैसा किंवा अंधश्रद्ध निष्ठा मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

६. ध्यानाची कसोटी

किती वेळ बसलो, कोणता प्रकाश दिसला, यावरून ध्यानाची परीक्षा होत नाही. आसनावरून उठल्यावर आपण घरच्यांशी कसे बोलतो, हाताखालच्या माणसाला कसे वागवितो, दुसऱ्याचे दुःख आपल्याला किती लवकर कळते, यांवरून ती होते. अंतरंगाचे द्वार उघडले की माणूस आत जातो; पण तेथेच राहण्यासाठी जात नाही. आत लाभलेली शांती घेऊन तो पुन्हा माणसांत परततो. ध्यानाचे खरे सार्थक या परतण्यात आहे.

शब्दार्थ
अवधान – जागरूक लक्ष. अस्तेय – चोरी न करणे. अपरिग्रह – गरजेपेक्षा अधिक संचय न करणे. तृष्णा – हाव. समभाव – सुखदुःखांत सारखेपणा. आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा.

तुम्ही काय शिकलात?
• ध्यानाचे प्रयोजन केवळ ताणमुक्ती किंवा सिद्धी हे नसून स्वरूपाची ओळख आणि अहंकाराचा क्षय हे आहे.
• सदाचरण हा ध्यानाचा पाया आहे.
• काम आणि ध्यान परस्परविरोधी नाहीत.

स्वाध्याय
१. 'प्रत्याहार हा जागरूक पहारा होय', हे विधान नगराच्या दरवाजाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. नामदेवांच्या पदातील आई आणि गोरोबांची कथा यांची तुलना करून तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
३. 'ध्यानात येणे', 'ध्यानीमनी नसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. उपक्रम : तुमच्या रोजच्या कामांपैकी एक काम सात दिवस पूर्ण लक्ष देऊन करा. प्रत्येक दिवशीचा अनुभव दोन वाक्यांत वहीत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. बाहेर धावणाऱ्या इंद्रियांना लगाम घालून आत वळविणे.
२. सिद्धी या समाधीच्या मार्गातील अडथळे ठरतात.