घर उघडायचंय ना, मग आधी हे ऐक

छोटे,

राजापूरचं घर उघडायचं तू मनावर घेतलंस, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट सांगता आलं नाही. आई-बाबा गेल्यापासून ते घर आपण चतुर्थीपुरतं उघडतो, पाच दिवस माणसांनी भरतं आणि मग पुन्हा कुलूप. दोन-तीन खोल्या नीट करून पाहुण्यांना द्यायच्या, स्वतः तिथे राहायचं, हा तुझा विचार मला मनापासून पटलाय. पण तू म्हणालीस, "ताई, सरकारी मदत मिळते म्हणे, मग काय, करून टाकू." त्या 'करून टाकू'साठी हे पत्र.

पहिली गोष्ट अशी, की बंद घराचं छप्पर नीट कर म्हणून कुणी तुझ्या हातात पैसे ठेवणार नाही. मदत मिळते ती त्या घरात जे चालणार आहे त्याला. म्हणजे आधी घराचा उपयोग ठरायला हवा, मग पैसे आणि मग गवंडी. गावात बरेच जण उलट करतात. आधी साठवलेले पैसे छपरात घालतात, मग योजना शोधत फिरतात, आणि तेव्हा दाखवायला ना कोटेशन असतं ना बिल.

आणि हो, वाडीतलं कुणी सांगेल, "घरकुलातून करून घे, ओळख आहे." त्या वाटेला जाऊच नकोस. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण भागातले 1 लाख 20 हजार रुपये ज्यांना पक्कं घरच नाही त्यांच्यासाठी असतात. वडिलोपार्जित चौसोपी घर असलेल्या माणसानं ते घेणं म्हणजे गावातल्याच एखाद्या ताडपत्रीखालच्या घराचा हक्क खाणं. आपल्या घरातून तसं होता कामा नये.

तुझ्यासाठी खरी योजना आहे ती पर्यटन विभागाची, 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण. जून 2023 मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला. होम स्टे, न्याहारी निवास, कृषी पर्यटन असे व्यवसाय करणाऱ्या बायकांना बँकेनं 15 लाखांपर्यंत कर्ज दिलं, तर त्याचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत सरकार परत देतं. मुदत जास्तीत जास्त 7 वर्षं आणि एकूण रक्कम जास्तीत जास्त साडेचार लाख, यातलं जे आधी होईल ते. व्यवसाय तुझ्या नावावर आणि तुझ्या हातात हवा, कामावर निम्म्या तरी बायका हव्यात आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी. मुद्दल तुलाच फेडायचंय. हप्ता तू वेळेवर भरायचास, मगच व्याज तुझ्या खात्यात येणार. हप्ता चुकला की ही मदत हातची जाते, म्हणून पहिल्या काही महिन्यांचे हप्ते वेगळे काढून ठेवल्याशिवाय कर्ज उचलूच नकोस. सुरुवातीला पाहुणे येतीलच असं धरून चालू नये.

आता मी रात्री बसून जो हिशेब मांडला तो बघ. 15 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलंस, तर हप्ता साधारण साडेसव्वीस हजार पडतो आणि सगळं मिळून व्याज सव्वासात लाखांच्या आसपास जातं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, त्यामुळे सरकारचे साडेचार लाख तीन वर्षांच्या आतच संपतील. पुढची चार वर्षं तोच हप्ता, पण व्याज पूर्ण तुझ्या अंगावर. तेच कर्ज 9 लाखांचं घेतलंस तर हप्ता सोळा हजारांच्या आत बसतो आणि सात वर्षांचं सगळं व्याज सुमारे 4 लाख 35 हजार होतं. म्हणजे ते सगळंच्या सगळं मर्यादेत बसलं! बँकेचा दर कमी असेल तर आणखी थोडं घेता येईल. पण 15 लाख मिळतायत म्हणून 15 लाख घेऊ नकोस. आपल्या घराला तेवढे लागतही नाहीत, आणि हातात जास्त पैसा आला की माणूस संगमरवर बघायला लागतो.

दुसरी वाट मुद्रा कर्जाची. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होम स्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली आहे. किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत. 20 लाखांचा तरुण प्लस गट आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी आहे, तो तुझ्या कामाचा नाही. मुद्राला तारण लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपलं घर तारण ठेवता येईल अशा अवस्थेत आजच्या घडीला नाही.

इथे मला तुझ्याशी जरा सविस्तर बोलायचंय. कोकणातली घरं पैशानं अडत नाहीत तितकी कागदांनी अडतात. आपलं घर गावठाणात नाही, वाडीत आहे, सातबाऱ्याच्या जमिनीवर. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून मालमत्ता पत्रक द्यायचं काम 2020 पासून सुरू आहे आणि ते पत्रक बँकेत दाखवता येतं. आपल्याला तो लाभ नाही, आपला आधार सातबारा. त्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबांनंतर बाबा आणि दोन्ही काका, मग बाबांच्या वाट्यात दादा, मी आणि तू. ही वारसनोंद आधी तलाठ्याकडे करून घ्यायची. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. ग्रामपंचायतीचा नमुना 8 तुझ्या हातात आहे म्हणालीस, तो सांभाळून ठेव, पण त्यावर विसंबू नकोस. तो घरपट्टीचा उतारा आहे, त्यानं मालकी सिद्ध होत नाही.

आणि या सगळ्यात कुणीतरी तुला हळूच सांगेल, "आधी हक्कसोडपत्र करून दे, एकाच्या नावावर झालं की कर्ज पटकन मिळेल." ते 'एक' म्हणजे तू नसशील, हे लक्षात घे. असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी मला फोन कर, रात्री बारालासुद्धा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रानं तशी दुरुस्ती 1994 मध्येच केली होती, 2005 मध्ये ती देशभर झाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहज मागे घेता येत नाही. आपल्या आत्यांनी 'भावाला कशाला दुखवायचं' म्हणून सह्या केल्या, आणि पुढे माहेरी जाताना आधी विचारून जायची वेळ त्यांच्यावर आली. तू आणि मी ते पाहिलंय.

तुला हवंय ते वेगळंच. सगळ्या हिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र: अमुक वर्षं हे घर तू वापरणार, दुरुस्तीचा खर्च तू करणार, त्या मुदतीतलं उत्पन्न तुझं, आणि पुढे वाटप झालं तर तू घातलेले पैसे कसे धरायचे. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. छपराला घातलेले चार लाख सातबाऱ्यावर दिसत नसतात. सख्खी माणसं आज प्रेमानं हो म्हणतात, दहा वर्षांनी त्यांची मुलं विचारतात, "कुठे लिहिलंय?" वकिलाकडून नीट मसुदा करून घे, किती वर्षांसाठी आहे त्याप्रमाणे नोंदणी लागते का तेही त्यालाच विचार. आणि त्यात एक ओळ माझ्याकडून: चतुर्थीचे आणि शिमग्यात पालखी येते ते दिवस घर घरच्यांचं, त्या दिवसांत पाहुण्यांचं बुकिंग नाही. ही एक ओळ असली की काकांच्या घरून निम्मा विरोध मावळेल बघ. त्यांना पैशांची काळजी कमी आहे, आपल्याला गणपतीला बाहेरचं समजतील याची भीती जास्त आहे.

आता घराकडे ये. मागच्या चतुर्थीला तुम्ही सगळे आरतीला ओटीवर होतात, तेव्हा मी माजघरात शिडी लावून वर चढले होते. आढ्याजवळ वानरांनी दोन कौलं फोडली आहेत. खालून बघितलं तर नुसता उजेडाचा कवडसा दिसतो, छान वाटतो. पण त्याच्या खालच्या वाशात खुरप्याचं टोक लावलं तर ते बोटभर आत गेलं आणि पिठासारखा भुसा हातावर पडला. रीप हातानं मोडली. तिथून पाणी भिंतीवर उतरतंय, जांभ्याच्या चिऱ्यांमधली माती धुऊन निघतेय आणि खाली वाळवीची रेघ जोत्यापर्यंत आलीय. दोन कौलांची किंमत ती काय! पण घरात माणूस राहत असता तर दुसऱ्या दिवशी ती बदलली असती. दरवर्षी शाकारणी झाली असती, चुलीच्या धुरानं वासे टिकले असते.

म्हणून पैसा सगळ्यात आधी वर घाल. कौलं उतरवून सगळे वासे एकेक टोचून बघायचे, गेलेले बदलायचे, मग कौलं परत चढवायची. 'पत्रे घाल, वानरांची कटकट मिटेल' असं सुतारच सांगेल. वानरांचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण एप्रिलमध्ये पत्र्याखाली कुठला पाहुणा दुपारी झोपणार? मागच्या पडवीला हवं तर पत्रा घाल, माजघर आणि ओटी कौलारूच राहू दे. जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नकोस, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गिलावा पोपडे धरून निघतो. चुन्याचं काम करणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात इतकंच. त्यानंतर न्हाणीघर आणि शौचालय, तिथे हात आखडू नकोस. वायरिंग पूर्ण नवं. बाकी रंगरंगोटी, झोपाळा, अंगणातले दिवे हे सगळं कमाईतून करता येतं.

काळाचं गणितही बघ. छपराचं काम दिवाळी ते मे यातच होतं. म्हणजे कागद पावसाळ्यात हलायला हवेत. आता वारसनोंद, मग संमतीपत्र, ग्रामपंचायतीचं नाहरकत पत्र, पर्यटन संचालनालयाच्या कोकण विभागाकडे अर्ज. तिकडून पात्रतेचं पत्र घेऊन बँकेत जा. काम सुरू करण्याआधी घराचे सगळीकडून फोटो काढ, सुताराचं आणि गवंड्याचं लेखी कोटेशन घे, आणि चिऱ्यापासून खिळ्यापर्यंत पैसे खात्यातूनच दे. 'अनुदान मिळवून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारा कुणी ना कुणी तुला भेटेलच. अर्ज तू स्वतः भरू शकतेस, त्याला काही द्यायची गरज नाही.

पाहुणे येतील का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझ्या मनात आहे हे मला कळतं. आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य इथे लोक वर्षभर येतात. त्यात आता कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ ही सगळी आपल्या तालुक्यातली ठिकाणं कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. ती बघायला येणाऱ्या माणसाला एसीपेक्षा शांत खोली, गरम पाणी आणि घरचं जेवण हवं असतं. तरीही कर्जाचा हप्ता ठरवताना पावसाळ्याचे चार महिने शून्य धर. आणि एखादी खोली प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला किंवा शाळेतल्या बाईंना महिन्याच्या भाड्यानं देता आली तर जरूर दे. त्याला अनुदान नाही, पण पावसाळ्यात घरात दिवा लागेल आणि छपराकडे कुणाचं तरी लक्ष राहील.

माझी संमती तुला आहे. मसुदा आला की मी सही करून पाठवते, तो 'घातलेले पैसे कसे धरायचे' वाला मुद्दा त्यात असेल तरच. दादाशी तू स्वतः बोल. मी आधी बोलले तर त्याला वाटेल दोघींनी मिळून ठरवलं आणि मग सांगितलं. त्याला घेऊनच गावी जा, शिडी लावून तो वासा त्याला दाखव आणि मगच कागदाचं काढ. धाकट्या काकांना मी फोन करते, त्यांचं माझ्याशी जमतं. मोठ्या काकांकडे मात्र सगळ्यांनी मिळूनच जाऊ, येत्या सुट्टीत. तोवर सातबारा, आठ-अ आणि जुना फेरफार एवढं काढून ठेव.

तुझी,
ताई