खासदारांची वही

काही वर्षांपूर्वी पारावर बसून मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की आपल्या खासदारांनी कांद्यावर लोकसभेत एक अक्षर काढलेलं नाही. कृषी मंत्रालयाला विचारलेले प्रश्न मी शोधले होते आणि त्यांत त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या आठवड्यात एकाने मोबाइलवर उत्तराची पीडीएफच समोर धरली. प्रश्न विचारलेला होता, चार पोटप्रश्नांसह. फक्त तो ग्राहक व्यवहार मंत्रालयाला होता. मी एका माणसाबद्दल चारचौघांत खोटं बोललो होतो, आणि ते माहिती काढल्याच्या रुबाबात. तेव्हापासून मी वही ठेवतो. खाली दिलेली पद्धत त्या वहीतूनच आली आहे. मोबाइल, दोनशे पानी वही आणि अधिवेशन चालू असताना आठवड्यातला एखादा तास, एवढं पुरतं.

सगळ्यात आधी खासदार नक्की करा. हे वाटतं तितकं सोपं नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 जागा आहेत आणि प्रत्येकीत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, पण हे सहा एकाच जिल्ह्यातले असतील असं नाही. पनवेल, कर्जत आणि उरण रायगड जिल्ह्यात आहेत. त्यांचा लोकसभा मतदारसंघ मात्र मावळ, ज्यात पुणे जिल्ह्यातलं पिंपरी-चिंचवडही येतं. म्हणून मतदारयादीतला आपला विधानसभा मतदारसंघ बघा आणि त्यावरून लोकसभेचा काढा. राज्यसभेतही महाराष्ट्राचे 19 सदस्य आहेत. त्यांना आमदार निवडून देतात, पण ते राज्याचेच प्रतिनिधी आहेत. त्यांतला एखादा आपल्या विषयात लक्ष घालणारा असेल तर त्याच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवावं.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. तुमचे खासदार केंद्रात मंत्री आहेत का? मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर सहीही करत नाहीत. त्यामुळे त्यांच्या नावापुढे शून्य प्रश्न दिसले, तर तो आळस समजू नका.

आता वही. डावीकडची पानं प्रश्नांना, उजवीकडची मतदानाला. प्रश्नांच्या बाजूला मी सहा रकाने आखतो: तारीख, प्रश्न क्रमांक, तारांकित की अतारांकित, मंत्रालय, विचारलं काय, मिळालं काय. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

प्रश्न सापडतात ‘संसद डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर. लोकसभा निवडा, मग प्रश्न, मग शोध. सदस्याचं नाव, मंत्रालय, अधिवेशन, प्रश्नाचा प्रकार, यांपैकी हवी ती चाळणी लावता येते. मी फक्त नाव आणि अधिवेशन भरतो, मंत्रालय मोकळं सोडतो. पारावर मी तोंडघशी पडलो तो मंत्रालयाची चाळणी लावल्यामुळे. कांदा हा आपल्याला एकच विषय वाटतो, पण दिल्लीत त्याच्या वाटण्या झालेल्या आहेत. उत्पादन आणि लागवडीचं क्षेत्र कृषी मंत्रालयाकडे, भाव, बफर साठा आणि नाफेड-एनसीसीएफ या संस्थांची खरेदी ग्राहक व्यवहारकडे, निर्यातबंदी वाणिज्यकडे, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये लागलं तसं 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, की त्याची अधिसूचना वित्त मंत्रालयाची. कापूस, ऊस, दूध, मासळी, कोणताही विषय घ्या, दोन-तीन मंत्रालयं निघतातच. शब्दाने शोधायचं असेल तर मराठी शब्द चालणार नाही. ‘कांदा’ नव्हे, ‘प्याज’ लिहा, आणि तोच शब्द इंग्रजीत लिहून पुन्हा एकदा शोधा.

तारांकित आणि अतारांकित यांतला फरक विधानसभेच्या बातम्यांमुळे बहुतेकांना माहीत असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत 15 आणि 160. कोणाचा प्रश्न लागेल हे सोडतीवर ठरतं. एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. त्यामुळे एखाद्या अधिवेशनात तुमच्या खासदारांच्या नावावर एकही तारांकित नसेल, तर ते नशीबही असू शकतं. शिवाय प्रश्नोत्तराच्या तासाभरात वीसच्या वीस प्रश्न क्वचितच होतात. बऱ्याचदा चार-पाचच होतात आणि बाकीच्यांचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. तेव्हा तारांकित प्रश्न दिसला की त्या दिवसाचं कामकाजाचं इतिवृत्त उघडून बघा: तो खरंच पुकारला गेला का, खासदार जागेवर होते का, आणि उपप्रश्न काय विचारला. उपप्रश्न दुसऱ्याकडून लिहून घेऊन भागत नाही. मंत्र्याचं उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारावा लागतो. खासदाराने विषय किती वाचला आहे, हे मला त्या दोन ओळींत जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही.

यानंतर उत्तराची पीडीएफ उघडा आणि ती सावकाश वाचा. मी ती आधी वरून खाली वाचत असे, आता उलट वाचतो. शेवटी जोडपत्र असेल तर पहिलं ते. राज्यवार, कधी जिल्हावार आकड्यांचा तक्ता तिथे असतो आणि त्यात आपला जिल्हा शोधायचा. मग वर येऊन पोटप्रश्न बघायचे. (क), (ख), (ग), (घ) असे चार सुटे प्रश्न विचारलेले असतात आणि खाली ‘(क) से (घ)’ असं एकत्र बांधलेलं एकच उत्तर असतं. तीन परिच्छेद योजनेच्या माहितीचे, ती कधी सुरू झाली, तिची उद्दिष्टं काय. अशा वेळी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पोटप्रश्नापुढे खूण करा: उत्तर मिळालं, अर्धं मिळालं, मिळालंच नाही. ‘आपल्या जिल्ह्यात किती शीतगृहं मंजूर झाली’ असं (ग) मध्ये विचारलेलं असेल आणि सगळ्या उत्तरात जिल्ह्याचं नावच नसेल, तर वहीच्या शेवटच्या रकान्यात तेवढंच लिहायचं: ‘ग: नाही’. शिरा ताणायचं कारण नाही.

प्रश्नाच्या डोक्यावर किती नावं आहेत तेही मोजा. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, आणि मग एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं येतात. त्यामुळे ‘आमच्या साहेबांनी इतके शे प्रश्न विचारले’ अशा फलकावरच्या आकड्याने भारावून जाऊ नका. आकडेच हवे असतील तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयकं यांची गोळाबेरीज देते, देशाच्या आणि राज्याच्या सरासरीसह. सुरुवात म्हणून ती चांगली आहे. पण मतदारसंघाशी जोडलेले दहा प्रश्न आणि कुठूनही उचललेले शंभर प्रश्न यांतला फरक आकड्यात दिसत नाही. प्रश्न वाचावे लागतात. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: हा प्रश्न कोणाच्या कामाचा आहे? ही शंका नवी नाही. 1951 साली हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांना मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचे विषय संसदेत मांडल्याच्या प्रकरणात जावं लागलं. 2005 च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोन्ही सभागृहांतले मिळून 11 खासदार काढले गेले. एकाच कंपनीच्या किंवा धंद्याच्या सोयीचे प्रश्न वारंवार दिसले तर वहीत नुसती नोंद करा, आरोप करू नका. पुरेशा नोंदी जमल्या की त्या समोर ठेवून थेट खासदारांनाच विचारता येतं.

‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य दिसलं, की तिथे लाल खूण करा. संसदेच्या भाषेत ते आश्वासन आहे. ते तीन महिन्यांत पुरं व्हायला हवं आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांच्या स्वतंत्र आश्वासन समित्या आहेत. तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच ओळीत लिहून ठेवा. बहुतेकांचा पाठपुरावा इथेच तुटतो: प्रश्न झाला, बातमी आली, आणि उत्तर यायचं राहिलं आहे हे सगळेच विसरले.

आता उजवीकडची पानं. इथे तुमची निराशा होईल, ती आधीच सांगतो. आपल्या संसदेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. पीठासीन अध्यक्ष ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज ऐकून निर्णय देतात, आणि कोणाचंही नाव कुठेही लिहिलं जात नाही. तीन कृषी कायदे 2020 च्या सप्टेंबरात असेच झाले, राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत असताना. 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते मागे घेतले गेले तेही आवाजानेच. ज्या कायद्यांसाठी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, त्यांवर माझ्या खासदारांनी आत काय म्हटलं याची नोंदच देशात नाही. मला याची अजून चीड येते. अशा विधेयकापुढे वहीत ‘आवाजी’ असं लिहा आणि खासदार चर्चेत बोलले का, त्यांनी दुरुस्ती सुचवली होती का, एवढंच टिपा.

नावं मिळतात ती मतविभाजनात. एखाद्या सदस्याने आवाजी निर्णयाला हरकत घेतली की लॉबी रिकाम्या करायला सांगतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, आणि मग सदस्य बटण दाबतात: हिरवं, लाल किंवा तटस्थ राहायचं असेल तर पिवळं. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणून तिथे मोजणी होतेच. त्यामुळे वही सुरू करताना घटनादुरुस्तीची विधेयकं आधी घ्या. महिला आरक्षणाचं विधेयक 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं मंजूर झालं. त्या दोन विरोधी मतांपैकी एक महाराष्ट्रातलं होतं, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लीम महिलांना आरक्षणात वेगळा वाटा नाही, हे त्यांच्या पक्षाने दिलेलं कारण. ते पटो न पटो, मत आणि कारण दोन्ही लेखी मिळतात.

यादी शोधायची ती त्या दिवसाच्या इतिवृत्तात, विधेयकावरच्या चर्चेच्या अगदी शेवटी. तारखेची गफलत टाळा. वक्फ सुधारणा विधेयकाचं लोकसभेतलं मतदान, 288 विरुद्ध 232, घड्याळाप्रमाणे 3 एप्रिल 2025 च्या पहाटे झालं, पण बैठक 2 एप्रिलची होती. शोधायचं 2 एप्रिललाच. यादीखाली ‘दुरुस्तीच्या अधीन’ अशा अर्थाचं वाक्य असतं आणि काही नावांपुढे फुली असते. त्या सदस्यांनी चिठ्ठीने मत दिलेलं किंवा दुरुस्त केलेलं असतं. हे किरकोळ समजू नका. 17 डिसेंबर 2024 रोजी एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडताना यंत्रावर 220 विरुद्ध 149 दिसलं होतं. चिठ्ठ्या मिळवल्यावर ते 269 विरुद्ध 198 झालं. टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून वहीत डकवू नका, छापील यादीची वाट बघा.

यादीत नाव नाही म्हणजे खासदार गैरहजर, असंही लगेच लिहू नका. यादीच्या आधीची दोन-तीन पानं वाचा. अमुक सदस्य आणि इतर काही जण सभागृहाबाहेर गेले, अशी ओळ असेल तर तो सभात्याग आहे. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. म्हणून रकान्यात ‘हो, नाही, तटस्थ, सभात्याग, नाव नाही’ असे पाच पर्याय ठेवा.

मताचा अर्थ लावताना पक्षादेश विसरू नका. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला न जाता राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तरच सुटका. त्यामुळे मतावरून मला पक्ष कळतो, खासदार फारसा कळत नाही. प्रश्नाला मात्र पक्षादेश नसतो. तो काय विचारायचा, कोणाला विचारायचा आणि अर्धवट उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायचा की नाही, हे त्या माणसाच्या हातात असतं. माझी डावीकडची पानं आधी भरतात, ती यामुळेच.

एक-दोन अधिवेशनं वही भरली की तिचा खरा उपयोग करा: खासदारांना स्वतः प्रश्न लिहून पाठवा. नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते आणि पुढे सोडत असते, म्हणून पत्र अधिवेशनाच्या महिनाभर आधी कार्यालयात पोचलं पाहिजे. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवा. विषय केंद्राच्या अखत्यारीतला असावा. गावच्या बसथांब्याचा प्रश्न लोकसभा घेणार नाही. मत मागू नका, माहिती मागा: किती, कधीपर्यंत, कोणत्या जिल्ह्यात. आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख घालून ‘ग चं उत्तर मिळालेलं नाही’ हे पत्रात स्पष्ट लिहा. पोच घ्या, तिची तारीख वहीत नव्या ओळीवर लिहा, आणि मंत्रालयापासून उत्तरापर्यंतचे रकाने मोकळे ठेवा.