आधी हिशेबाची वही, मग धंदा



मोहफुले वेचणारी बहीण सावकाराकडून दरमहा शेकडा 5 व्याजाने 2,000 रुपये घेते. महिन्याचे 100 रुपये थोडे वाटतात. वर्षाचे 1,200 होतात आणि मुद्दल तसेच राहते. ते फेडण्यासाठी ती फुले हंगामातच पडेल भावाने विकते. हा हिशेब वहीत मांडायला शिकणे, हा पहिला धडा.

दुसरा धडा बचत गटाचा. 1992 पासून नाबार्डच्या कार्यक्रमातून गट बँकेला जोडले जातात व तारणाशिवाय कर्ज मिळते. तिसरा, मालाचा: 2018 मध्ये सुरू झालेल्या वन धन योजनेत वनोपजावर प्रक्रिया करून विकायला शिकवतात.

आपल्यापैकी हिशेब जाणणाऱ्यांनी गटाच्या बैठकीला महिन्यातून एक तास द्यावा.