रोपे बाहेर नेताना समुद्री शेवाळाचा अर्क: केव्हा, किती आणि कशासाठी

मे महिना मध्यावर आला की मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी, वेस्टबरो, नॉर्थबरो या भागातल्या मराठी घरांत मार्चपासून दिव्याखाली वाढवलेली मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे बाहेर न्यायची घाई सुरू होते. पाठोपाठ भेंडी, दुधी, कारली असतातच. घाईला कारणही आहे. इथे गोठवणारी शेवटची रात्र मेच्या मध्यापर्यंत येऊ शकते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात थंडी पुन्हा दारात उभी असते. म्हणजे उष्ण हवेच्या भाज्यांना जेमतेम साडेचार महिने मिळतात. त्यातले दोन आठवडे रोप नुसते हबकून उभे राहिले, तर भेंडीचे एक-दोन तोडे गेलेच म्हणायचे. याच दिवसांत रोपवाटिकांच्या दुकानांत समुद्री शेवाळाच्या अर्काच्या बाटल्या आणि वाळलेल्या शेवाळाच्या भुकटीच्या पिशव्या दर्शनी मांडलेल्या असतात. त्या घ्याव्यात का, याचे माझे उत्तर ‘हो’ असे आहे. पण खत म्हणून घेऊ नयेत. शेवाळातली द्रव्ये रोपाचे पोट भरत नाहीत, ती रोपाला येणाऱ्या ताणासाठी तयार करतात. हे एकदा पटले की केव्हा द्यायचे, किती द्यायचे आणि कुठे पैसे वाचवायचे हे आपोआप ठरते.

आधी खताचा हिशेब मांडू, कारण गैरसमज तिथेच आहे. शेवाळाच्या भुकटीत नत्र साधारण १ टक्का, पालाश २ टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरद नावापुरते असते. भाजीपाल्याला हंगामभरात दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम नत्र लागते असे धरले, तर १० चौरस मीटरच्या वाफ्याला १०० ग्रॅम नत्र हवे. ते एकट्या शेवाळातून द्यायचे म्हणजे १० किलो भुकटी ओतावी लागेल, आणि तेवढ्या भुकटीबरोबर मीठही बरेच येईल. द्रवरूप अर्काचे तर विचारूच नका; पाण्यात मिसळल्यावर त्यातून जाणारे अन्न मोजण्याइतकेही उरत नाही. पिशवीवर ‘साठहून अधिक खनिजे’ असे छापलेले असते, ते खोटे नाही. पण आपल्या मातीत ती बहुतेक आधीच आहेत, आणि नसलेली कमतरता भरून काढण्याला अर्थ नाही. वूस्टर परिसरात सर्वत्र आढळणारी पॅक्सटन माती ही मॅसॅच्युसेट्सची अधिकृत राज्यमाती आहे. हिमनदीने आणून टाकलेली ही माती मुळात आम्लधर्मी आहे आणि खालचा थर घट्ट आहे. तिची खरी मागणी चुना आणि कंपोस्ट ही असते. त्यामुळे बाटली घेण्याआधी मातीचा नमुना ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावा. सामू ६ च्या खाली असेल, तर आधी चुना, शेवाळ नंतर.

मग शेवाळात आहे तरी काय? अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापासून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापर्यंतच्या खडकांवर ॲस्कोफायलम नोडोसम नावाचे तपकिरी-हिरवे शेवाळ वाढते. दोरखंडासारख्या लांब चिवट फांद्या आणि त्यांवर ओळीने हवेचे फुगे, ही त्याची ओळख. बाजारातले बरेचसे अर्क याचेच असतात. हे शेवाळ दिवसातून दोनदा ओहोटीला उघडे पडते. जानेवारीत गोठते, जुलैत तापते, वाळते आणि भरती आली की पुन्हा खाऱ्या पाण्यात बुडते. असे जगायचे तर अंगात तशीच द्रव्ये हवीत. त्याच्या सुक्या वजनाचा साधारण पाव भाग अल्जिनेट असतो. पाणी धरून ठेवणारा हा चिकट पदार्थ मातीत कॅल्शियमला बांधला जातो आणि मातीचे कण एकत्र आणतो. त्याशिवाय फ्युकॉइडन ही गंधकयुक्त शर्करा, पेशीतले पाणी सांभाळणारे मॅनिटॉल आणि बीटेन, उन्हाच्या माऱ्यापासून वाचवणारे फ्लोरोटॅनिन हे पॉलिफेनॉल त्यात असतात. काही शेवाळांत, विशेषतः लॅमिनॅरिया वर्गात, लॅमिनॅरिन ही साठवणीची शर्करा भरपूर असते. तिची रचना बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या शर्करेशी मिळतीजुळती आहे. पानावर लॅमिनॅरिन पडले की रोपाला वाटते बुरशी आली, आणि ते रोग येण्याआधीच आपली संरक्षक यंत्रणा जागी करते. युरोपीय संघाने २००५ साली लॅमिनॅरिनला पीक संरक्षणासाठी मान्यता दिली ती याच गुणामुळे.

हे सगळे अर्कातून थेट रोपात जाऊन काम करते का? पूर्वी असे मानत की शेवाळात सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी संजीवके असतात आणि तीच पिकाला मिळतात. पण पातळ केलेल्या फवारणीत त्यांचे प्रमाण इतके अत्यल्प असते, की एवढा परिणाम त्यांच्यामुळे होतो हे पटत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या रोपाला ॲस्कोफायलमचा अर्क दिला, तेव्हा रोपाची स्वतःचीच संजीवके बनवणारी जनुके हलली. सायटोकायनिन वाढले, ऑक्झिन कमी झाले. नोव्हा स्कोशियातल्या ट्रूरो येथील कृषी महाविद्यालयात बालकृष्णन पृथ्वीराज यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले, की अर्क दिलेली याच जातीची रोपे गोठणाऱ्या तापमानात कमी दगावतात. कायद्यानेही आता हा फरक मान्य केला आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत जैवउत्तेजक हा वेगळा वर्ग आहे. त्यातल्या अन्नद्रव्यांचा विचार बाजूला ठेवून ताण सोसण्याची क्षमता आणि अन्नद्रव्यांचा वापर किती सुधारतो, हे त्यात पाहिले जाते. भारतानेही २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून समुद्री शेवाळाचे अर्क जैवउत्तेजकांत घातले. नाशिक, सांगलीकडच्या द्राक्षबागायतदार कुटुंबातून इथे आलेल्यांना ‘सीवीड’ची फवारणी नवी नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप न्यूझीलंडमधून आलेला आहे आणि तो डावलून चालणार नाही. तिथे १९८०च्या दशकात मॅक्सिक्रॉप या शेवाळी अर्काच्या सरकारी चाचण्या झाल्या. शास्त्रज्ञांनी जाहीर सांगितले की याचा पिकाला उपयोग नाही. विक्रेत्या कंपनीने सरकारला कोर्टात खेचले, आणि १९८९ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला. पुढे २००२ साली डग एडमीड्स यांनी नैसर्गिक द्रवखतांवरच्या चाचण्यांचा मोठा आढावा घेतला. शिफारशीच्या मात्रेत अशा द्रवखतांमुळे उत्पन्न वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात शेवाळाचे अर्कही आले. खत म्हणून पाहिले तर त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. वर मांडलेला हिशेबही तेच सांगतो. पण ‘अर्कात अन्न नाही, संजीवकेही नगण्य, म्हणून परिणाम असूच शकत नाही’ हा तर्क २०१३ नंतर तेवढा घट्ट राहिलेला नाही, कारण परिणामाची वाट दुसरीच निघाली. शिवाय सगळे अर्क सारखे नसतात. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एकाच ॲस्कोफायलमपासून बनवलेले तीन अर्क पाणी तोडलेल्या टोमॅटोला देऊन पाहिले, आणि तिघांचे परिणाम वेगळे आले. शेवाळ तेच, पण ते किती तापमानाला, कोणत्या अल्कलीत, कसे विरघळवले यावर त्यातली द्रव्ये टिकतात किंवा तुटतात. म्हणून एका बाटलीचा गुण दुसरीला लावू नये, दोषही लावू नये. आणखी एक गोष्ट अशा अभ्यासांत वारंवार दिसते: ताणाखालच्या रोपाला फरक जास्त पडतो. खाऊनपिऊन सुखात असलेल्या रोपाला तो बहुधा दिसतच नाही.

आपल्या सल्ल्याचा गाभा इथेच आहे. दर आठवड्याला सवयीने फवारत बसू नये. ताण येण्याच्या थोडे आधी द्यावे. श्रूजबरीच्या हंगामात असे दोन-तीनच प्रसंग असतात. पहिला पुनर्लागवडीचा. रोपे बाहेर नेण्याआधी सात ते दहा दिवस त्यांना रोज थोडा वेळ उन्हावाऱ्यात ठेवून सरावायचे असते. त्या काळात एकदा आणि लावल्यानंतर लगेच एकदा मुळाशी आळवणी करावी. प्रमाण लिटरला २ ते ४ मिली, पण लेबलवर वेगळे असेल तर लेबलचे ऐकावे. मिरची, वांग्याला रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली सोसत नाही, आणि अर्क दिला म्हणून ते सोसेल असे मुळीच समजू नये. भेंडीला तर माती १८-२० अंशांपर्यंत तापल्याशिवाय लावूच नये, मग मेमोरियल डे उलटून गेला तरी चालेल. दुसरा प्रसंग जुलैतल्या उष्ण लाटेचा. दिवसा ३२ अंशांच्या वर आणि रात्री उकाडा राहिला की टोमॅटोची फुले गळतात. हवामानाचा अंदाज पाहून लाटेच्या तीन-चार दिवस आधी, सकाळी लवकर, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल अशी एक फवारणी करावी. भर उन्हात फवारू नये. तिसरा प्रसंग कढीपत्त्याचा: सप्टेंबरात कुंडी घरात घेताना प्रकाश एकदम कमी होतो आणि पाने झडतात, तेव्हा एक हलकी आळवणी पुरे. मेथी-कोथिंबिरीवर यातले काही खर्च करू नका, त्यांना थंड हवा आणि वेळेवर पाणी एवढेच लागते. आणि मात्रा दुप्पट केल्याने गुण दुप्पट होत नाही. दाट अर्काने मुळांची वाढ उलट खुंटते.

काकडी-दुधीवरच्या भुरीसाठी हा अर्क पुरेल का, असा प्रश्न येतो. पुरणार नाही. रोपाला जागे करणे वेगळे आणि आलेला रोग मारणे वेगळे. टोमॅटोवर उशिरा येणारा करपा दिसला की ते झाड उपटून पिशवीत बंद करावे. त्यावर शेवाळ मारत बसलात, तर शेजाऱ्यांच्या बागाही जातील.

‘विकत कशाला, समुद्र तासाभराच्या अंतरावर आहे, गाडी भरून आणू’ हा विचार मोहात पाडणारा आहे. किनाऱ्यावरचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेवाळ शेतात घालत आले, हेही खरे. तरी माझा सल्ला नको असाच आहे. या राज्यात १६४०च्या दशकातल्या वसाहतकालीन कायद्यामुळे ओहोटीच्या रेषेपर्यंतची जमीन खासगी मालकीची असू शकते. शेजारच्या मेनमध्ये २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले खडकशेवाळ जमीनमालकाचे ठरवले. वाहून आलेल्या शेवाळाच्या पट्ट्यात असंख्य किडे राहतात आणि वाळूत घरटी करणारे, संरक्षण दिलेले पायपिंग प्लोव्हर पक्षी त्यांवर जगतात. ज्या महिन्यात आपल्याला शेवाळ हवे असते, नेमके त्याच महिन्यात त्यांची पिल्ले निघतात. खडकावरचे शेवाळ तर तोडूच नये. ते अगदी सावकाश वाढते. म्हणूनच मेनमध्ये व्यावसायिक कापणीतही बुडाशी किमान १६ इंच शिल्लक ठेवावे लागते. विकत घेतल्याने हा प्रश्न संपत नाही, हे मान्य आहे. पण दोन-तीन आळवण्यांना लागणारा अर्क फार थोडा असतो. पोतीच्या पोती भुकटी पसरणाऱ्याचा भार किनाऱ्यावर कितीतरी जास्त पडतो. शेवाळ समुद्रातले आर्सेनिकही शोषून घेते, म्हणून त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे भुकटी ओतणे मला इष्ट वाटत नाही.

एका बाबतीत मात्र शेवाळाची उणीव आपल्या कामाची आहे. क्विन्सिगमंड तलावाच्या उताराला ज्यांची बाग आहे त्यांनी स्फुरदाकडे लक्ष द्यावे; पावसाबरोबर ते वाहून तलावात गेले की तिथले पाणी हिरवे होते. मॅसॅच्युसेट्सने २०१५ मध्ये नियम करून माती परीक्षणात गरज दिसल्याशिवाय हिरवळीवर स्फुरदयुक्त खत टाकण्यावर बंधन आणले ते यासाठीच. शेवाळात स्फुरद जवळजवळ नाही, त्यामुळे तलावाच्या दृष्टीने ते बिनधोक आहे.

बाटली कोणतीही घ्या, तिची परीक्षा आपल्याच वाफ्यात घ्या. एकाच जातीची, एकाच दिवशी पेरलेली मिरचीची रोपे दोन ओळींत लावा. एका ओळीला अर्काचे पाणी, दुसरीला तेवढेच साधे पाणी. कंपोस्ट आणि चुना दोन्हीला सारखे. पहिले फूल कोणत्या ओळीत कधी आले ते लिहून ठेवा आणि प्रत्येक तोडा वेगवेगळा वजन करा. सप्टेंबरअखेर दोन्ही बेरजा सारख्याच निघाल्या, तर पुढच्या वर्षी ते पैसे चुन्याला आणि कंपोस्टला द्या.