बोटीने अंदमानला

प्रश्न : पासष्टीच्या आईला सेल्युलर जेल पाहायचं आहे, तेही बोटीने जाऊन. जमेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जमेल, पण जाताना बोट आणि येताना विमान, असं करा. चेन्नईहून श्रीविजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, सुमारे १,२०० किलोमीटर; साधारण ६० तास लागतात. कोलकाता आणि विशाखापट्टणमहूनही बोटी सुटतात. या बोटी मुख्यतः बेटवासीयांच्या सोयीसाठी आहेत. क्रूझचा थाट विसरा. तारखाही मागेपुढे होतात, म्हणून चेन्नईत दोन दिवस हाताशी ठेवा. स्वस्त पडतो म्हणून बंक क्लास घेऊ नका. आईंसाठी केबिनच हवी, शक्यतो बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी जाणवतात. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि उलटीची वाट न पाहता आधीच घ्यायची. पोट रिकामं ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात; तो ऐकू नका, थोडं थोडं खात राहा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. जानेवारी ते मार्च उत्तम. तिकीट काढण्याआधी आईंच्या डॉक्टरांशी मात्र जरूर बोला.