बाहुली किती मिलिमीटर?

प्रश्न : फवारणी करणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली घरी मोजता येते का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : येते. काही पेनटॉर्चच्या अंगावर २ ते ९ मिलिमीटरचे काळे गोल छापलेले असतात. असा टॉर्च डोळ्याशेजारी धरून बाहुलीशी जुळणारा गोल पाहायचा. निरोगी बाहुली उजेडात साधारण २ ते ४, अंधारात ४ ते ८ मिलिमीटर. मोबाइलच्या फोटोत मात्र गडद बुबुळात तिची कड हरवते.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले.

लाळ, घाम, उलटी सुरू झाली तर मोजत बसूच नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि कीटकनाशकाचा डबा घेऊन जवळचे रुग्णालय गाठावे. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. बाहुली नेहमीसारखी दिसली तरी जावेच.