गाणारे कुटुंब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात क्लिंच हा डोंगर लांबच लांब पसरलेला आहे. त्याच्या पायथ्याशी एक अरुंद दरी आहे. जमीन खडकाळ, पीक बेताचे. म्हणून लोकांनी तिचे नावच 'पुअर व्हॅली', म्हणजे 'गरीब दरी', असे ठेवले. परंतु या गरीब दरीत एका संपत्तीला तोटा नव्हता. ती संपत्ती म्हणजे गाणी. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा आईकडून मुलीकडे येत, तशीच ही गाणी आजीकडून नातवंडांकडे येत. ती कोणी रचली हे कोणास ठाऊक नसे आणि ती कोणी लिहून ठेवण्याच्या भरीसही पडत नसे.

या दरीतील मेसेस स्प्रिंग या खेड्यात 1891 साली आल्विन प्लेझंट कार्टर याचा जन्म झाला. तो उंच व किडकिडीत होता. त्याच्या हातांना आणि आवाजाला लहानपणापासून किंचित कंप असे. चर्चमध्ये तो खर्जातील स्वर गाई. पोटासाठी तो फळझाडे विकत गावोगाव हिंडे. अशाच एका फेरीत तो डोंगर ओलांडून पलीकडे गेला असता एका घरातून त्याला गाण्याचे स्वर ऐकू आले. सारा नावाची एक तरुणी ऑटोहार्प हे वाद्य वाजवीत गात होती. हे वाद्य दिसावयास आपल्या स्वरमंडळासारखे असते. मात्र त्यावरील पट्ट्या दाबल्या की नको असलेल्या तारा मुक्या होतात आणि हवे तेवढेच स्वर एकत्र उमटतात. साराचा आवाज भरदार व गंभीर होता. आल्विन ते गाणे कधी विसरला नाही. 1915 साली दोघांचा विवाह झाला.

पुढे 1926 साली आल्विनचा धाकटा भाऊ एझ्रा याने साराच्याच बहिणीच्या नात्यातील मेबेल हिच्याशी लग्न केले. अशा रीतीने एक बहीण दुसरीची जाऊ झाली. मेबेल त्या वेळी अवघी सोळा वर्षांची होती; परंतु गिटार वाजविण्यात तिचा हातखंडा होता. दिवसभराची कामे उरकली, जेवणखाण झाले, म्हणजे ही मंडळी एकत्र बसत. सारा गाई व ऑटोहार्प वाजवी, मेबेल गिटार वाजवून तिला साथ देई आणि आल्विन मधूनमधून खर्ज लावी. शेजारी येऊन बसत. कार्टर कुटुंबाचा ताफा निर्माण झाला तो असा. त्याला ना कोणी गुरू होता, ना कोणी धनी.

1927 च्या उन्हाळ्यात जवळच्या ब्रिस्टल शहरात राल्फ पीअर नावाचा एक गृहस्थ आला. व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी तो डोंगरभागातील गायक शोधीत होता. ही वार्ता कानी येताच आल्विनने जाण्याचा निश्चय केला. घरात मात्र उत्साह नव्हता. साराचे मूल अंगावर पीत होते. मेबेलचे दिवस भरत आले होते. शिवाय गाण्याबद्दल कोणी पैसे देईल ही गोष्टच घरच्यांना खरी वाटेना. आल्विनजवळ धड मोटारही नव्हती. अखेर त्याने एझ्राची मोटार मागितली आणि तिच्या मोबदल्यात त्याच्या मक्यातील तण काढून देण्याचे कबूल केले, असे सांगतात.

31 जुलै रोजी मंडळी निघाली. आल्विन, सारा, मेबेल, तान्हा जो आणि त्याला सांभाळण्यासाठी आठ वर्षांची थोरली मुलगी ग्लॅडिस. अंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे. परंतु त्या वाटेने सर्वांची सत्त्वपरीक्षा पाहिली. वाटेत नदी लागली. पूल नव्हता. मोटार पाण्यात घातली, ती मध्येच अडून बसली. कशीबशी ती पैलतीरी नेली, तो टायरने दगा दिला. आल्विन रस्त्याच्या कडेला बसून उन्हात ठिगळे लावीत राहिला. सबंध दिवस असा गेला आणि धुळीने माखलेली ही मंडळी ब्रिस्टलला पोहोचली.

ब्रिस्टल शहराची एक मौज आहे. तेथील मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा आहे. रस्त्याची एक बाजू व्हर्जिनियात, तर दुसरी टेनेसीत. टेनेसीच्या बाजूस एक रिकामी इमारत भाड्याने घेऊन पीअरने तेथे आपली यंत्रे मांडली होती. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये व आतील आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या टांगल्या होत्या. 1 ऑगस्ट रोजी सारा ध्वनिग्राहकासमोर उभी राहिली. तिचा आवाज ऐकताच पीअरची खात्री पटली की, आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच. त्या दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी दोन, अशी सहा गाणी मुद्रित झाली. प्रत्येक गाण्यास पन्नास डॉलर याप्रमाणे तीनशे डॉलर हाती आले. डोंगरातील शेतकऱ्याने एवढी रक्कम एकरकमी क्वचितच पाहिलेली असे. मंडळी घरी परतली आणि आपापल्या कामाला लागली.

त्या तबकड्या लोकांना आवडल्या. पुढल्याच वर्षी कंपनीने त्यांना न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे बोलावून आणखी बारा गाणी मुद्रित केली. मेबेलचे गिटारवादन तर सर्वत्र वाखाणले गेले. गिटार हे तोवर बहुधा साथीचे वाद्य समजले जाई. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवी आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारा छेडून ताल धरी. एकाच वेळी दोन माणसे वाजवीत आहेत की काय, असा ऐकणाऱ्यास भास होई. एझ्रा रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरीस होता. त्या काळी मोठी वाटावी अशी सुमारे 275 डॉलर किंमत देऊन तिच्यासाठी एक उत्तम गिटार घेण्यात आली. ती पुढे जन्मभर तिच्याजवळ राहिली.

तथापि तबकड्या खपल्या म्हणून ही मंडळी मोठमोठ्या नाट्यगृहांत जाऊन बसली नाहीत. त्यांचे कार्यक्रम होत ते खेड्यांतील शाळांत आणि चर्चच्या दिवाणखान्यांत. आल्विन आधी जाऊन झाडांवर व खांबांवर जाहिरातीचे कागद लावी. कार्यक्रम नीतीस धरून आहे, असे त्यावर आवर्जून छापलेले असे. कारण घरातील बायकामुलांना तेथे नेण्यास कोणी कचरू नये. तिकीट मुलांस पंधरा सेंट व मोठ्यांस पंचवीस सेंट. बऱ्याच ठिकाणी वीज पोहोचलेली नसे. तेव्हा रॉकेलचे कंदील लावून कार्यक्रम चाले. व्यासपीठ म्हणजे मास्तरांचा चौथरा आणि प्रेक्षागृह म्हणजे मुलांची बाके. गाणे रंगात आले असता आल्विन कधी आपला स्वर मिळवी, तर कधी गप्पच राही. मध्येच उठून इकडून तिकडे फिरूही लागे. त्याला वाटले तर तो गाई, न वाटले तर न गाई. सारा व मेबेल यांचे त्यावाचून काही अडत नसे. कार्यक्रम आटोपल्यावर पुष्कळदा गावातीलच कोणाच्या तरी घरी मुक्काम पडे आणि तेथे पुन्हा गाणे सुरू होई. मात्र या वेळी यजमान गात आणि पाहुणे ऐकत.

हे ऐकणे आल्विनच्या दृष्टीने फार मोलाचे होते. कंपनीला दर वेळी नवी गाणी हवी असत. ती आणावयाची कोठून? आल्विन दऱ्याखोऱ्यांतून घरोघर हिंडू लागला. कोणा म्हातारीला एक कडवे आठवे, कोणा खाणकामगाराला दुसरे. तो ती कागदाच्या चिठोऱ्यांवर उतरून घेई आणि घरी येऊन त्यांची नीट जुळणी करी. परंतु एक अडचण होती. शब्द कागदावर उतरत, चाल मात्र त्याच्या ध्यानात राहत नसे.

ही अडचण लेस्ली रिडल याने दूर केली. रिडल हा कृष्णवर्णीय तरुण टेनेसीतील किंग्जपोर्ट येथे राहत असे. एका अपघातात त्याचा एक पाय गेला होता आणि दुसऱ्या अपघातात हाताची दोन बोटे. उरलेल्या बोटांनी तो गिटार वाजवी आणि उत्तम वाजवी. एकदा ऐकलेली चाल तो विसरत नसे. 1928 च्या सुमारास त्याची व आल्विनची गाठ पडली आणि पुढे अनेक वर्षे दोघे बरोबर हिंडले. आल्विन शब्द टिपून घेई आणि रिडल चाल मनात साठवी. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी कृष्णवर्णीयांना व गोऱ्यांना शाळेत, गाडीत, उपाहारगृहात वेगळे बसविणारे कायदे होते. अशा दिवसांत हे दोघे गाण्यासाठी एका वाटेने चालले. मेबेलही गिटारवादनातील काही गोष्टी रिडलकडून शिकली आणि हे तिने पुढे मोकळ्या मनाने सांगितले.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही गाणी छापली गेली व मुद्रित झाली ती बहुतेक आल्विन कार्टरच्या नावाने. तशी त्या धंद्याची रीतच होती. परंतु ज्या म्हातारीने कडवे दिले तिचे नाव तबकडीवर आले नाही आणि ज्याने चाल जपली त्या रिडलचेही आले नाही. पुष्कळ वर्षे तो अज्ञातच राहिला. अखेर माइक सीगर या गायक-संग्राहकाने 1965 साली त्याला शोधून काढले आणि त्याची गाणी त्याच्याच आवाजात मुद्रित केली. ऋण उशिरा का होईना, जगापुढे आले. आल्विन नसता तर यांतील कितीतरी गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबरच मातीत गेली असती, हे खरे. परंतु ज्यांच्याकडून ती मिळाली त्यांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

1938 साली या कुटुंबाला नभोवाणीवर गाण्याचे बोलावणे आले. ते केंद्र सीमेपलीकडे मेक्सिकोत होते आणि फार शक्तिशाली होते. त्यामुळे गरीब दरीतील सूर शेकडो मैलांवरच्या शेतघरांत पोहोचले. हळूहळू मुलेही गाऊ लागली. परंतु घरातील सूर मात्र बिघडला होता. आल्विन व सारा यांचे पटेनासे झाले आणि ते विभक्त झाले. नवल असे की, त्यानंतरही कित्येक वर्षे ती दोघे गाण्यापुरती एकत्र येत राहिली. अखेर 1943 साली हा ताफा मोडला. मेबेल आपल्या तिन्ही मुलींना घेऊन गात राहिली. सारा दूर कॅलिफोर्नियात जाऊन राहिली. आल्विन दरीत परतला आणि त्याने एक लहानसे दुकान घातले. 1960 साली तो वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1970 साली, नॅशव्हिल येथील लोकसंगीताच्या कीर्तिमंदिरात कार्टर कुटुंबाला मानाचे स्थान मिळाले. तो मान पाहण्यास आल्विन उरला नव्हता.

परंतु आपले गाणे दरीत चालू राहावे, ही त्याची इच्छा होती आणि त्याची मुलगी जॅनेट हिने तसे वचन त्याला दिले होते. 1974 साली तिने वडिलांच्या त्या जुन्या दुकानातच गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा 1976 साली शेजारीच एक साधी, प्रशस्त इमारत उभी राहिली. तिला 'कार्टर फॅमिली फोल्ड' असे नाव मिळाले. शनिवारी संध्याकाळी तेथे गाणे होऊ लागले. वाद्ये लाकडाची व तारांची असावीत, विजेवर चालणारी नसावीत, असा तेथे दंडक पडला. म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन येऊ लागली आणि बाकांवर दाटीवाटीने बसून ऐकू लागली. जॅनेट 2006 साली निवर्तली. तोवर तिने आपला शब्द पाळला.

कार्टर कुटुंबाचे सूर तबकड्यांवरून देशभर गेले, नभोवाणीवरून सीमा ओलांडून गेले. परंतु ज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ही गाणी दिली, त्यांच्यातच ती अखेर परत आली. गाणे हे ओढ्याच्या पाण्यासारखे आहे. ते कोणी एकट्याने निर्माण केलेले नसते आणि अडवून ठेवले तर निर्मळ राहत नाही. ज्याने ओंजळ भरून घेतली, त्याने ते पुढच्याला द्यावे. आणि देताना, आपल्याला ते कोणाकडून मिळाले, हे सांगावयास विसरू नये.

स्वाध्याय

1. 'गरीब दरी' कोणत्या बाबतीत श्रीमंत होती? ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
2. ब्रिस्टलच्या प्रवासात कार्टर मंडळींना कोणकोणत्या अडचणी आल्या?
3. मेबेलच्या गिटारवादनाचे वैशिष्ट्य तुमच्या शब्दांत सांगा.
4. लेस्ली रिडलवर अन्याय झाला असे तुम्हांला वाटते काय? सकारण लिहा.
5. पुढील वाक्प्रचार वाक्यांत उपयोगात आणा : हातखंडा असणे, सत्त्वपरीक्षा पाहणे, दगा देणे, शब्द पाळणे.
6. तुमच्या घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांकडून एखादे जुने गाणे मिळवा. ते वहीत लिहून घ्या आणि त्याखाली ते गाणे देणाऱ्याचे नाव लिहा.